तांब्याच्या पाण्याचे दिवस

मित्रांनो, नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका घरात, आजोबांच्या खाटेशेजारी, काचेची एक टाकी ठेवलेली आहे. तिच्या तळाला वाळू नाही, रंगीत दगड नाहीत, शोभेचं एक रोपही नाही. पांढऱ्या पाइपचे दोन-तीन तुकडे आणि कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा एक काळा स्पंज, एवढंच काय ते आत. घरी येणारे पाहुणे हॉलमधल्या मोठ्या टाकीसमोर उभे राहतात, मोबाइलवर फोटो काढतात. माझ्याकडे सहसा कोणी येत नाही. चुकून आलंच तर विचारतं, "ही अशी भकास का ठेवली?"

ती भकास टाकी म्हणजे मी. आज मला माझी गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते आहे.

माझा जन्म गंगापूर रोडवरच्या माशांच्या एका दुकानात झाला. कारागिराने काचेवर हिऱ्याने रेघ ओढली, हलकेच दाब दिला आणि एका मोठ्या काचेतून माझ्या पाच बाजू सुट्या झाल्या. त्याने त्या चिकटवल्या, सांधे बोटाने गुळगुळीत केले आणि मला काठोकाठ भरून ठेवलं. मी कुठे गळते का, हे पाहायचं होतं. मी गळले नाही. माझ्या आयुष्यातली ती पहिली परीक्षा होती आणि मी ती पास झाले!

मला दीपमालाताईंनी विकत घेतलं. त्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करतात. त्यांचे यजमान महेश अंबडच्या कारखान्यात नोकरीला आहेत. त्यांची मुलगी वेदिका तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. माझ्यात गप्पी मासे सोडले, तेव्हापासून ती माझ्या काचेला नाक लावून बसायची. तिच्या नाकाचा ओला ठसा माझ्यावर उमटायचा. तो पुसू नये असं मला वाटायचं, पण ताई रोज पुसत.

पुढे ताईंना समुद्रातल्या माशांचा नाद लागला. आमच्या नाशकात गोदावरी आहे, धरण आहे, पण समुद्र नाही. म्हणून ताई शुद्ध पाण्यात खास मीठ कालवून घरातच समुद्र तयार करू लागल्या. त्यासाठी मोठी टाकी आली. तिच्यात जिवंत दगड आले, फुलासारखी उमलणारी पोवळी आली, शंखातल्या गोगलगाई आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी आली. केशरी माशांची एक जोडी आली. वेदिकाने त्यांची नावं गाजर आणि केशर ठेवली. शेवटी आला निळू. तळहाताएवढा, गडद निळा, पिवळ्या शेपटीचा.

आणि मी? मी गॅलरीत गेले. आधी माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवले. मग एक तुटकी बॅट. मग महेशदादांच्या गावाहून, देवळ्याच्या शेतातून, कांदा आला आणि तो ठेवायला दुसरी जागा सापडेना, म्हणून माझ्यात ओतला. उन्हात माझ्या काचा तापत, कांद्याची सालं वाऱ्याने भिरभिरत. जिच्यात कधी मासे खेळले, तिच्यात आता कांदे होते. मला वाईट वाटायचं, पण कांद्याला कसं सांगणार?

त्याच सुमारास देवळ्याहून महेशदादांचे वडील राहायला आले. त्यांचं नाव बहिरू. घरात सगळे त्यांना नाना म्हणतात, वेदिका आजोबा म्हणते. नानांनी उभा जन्म कांदा आणि डाळिंब पिकवलं. त्यांच्या पत्नी नवसाबाई वारल्या, तेव्हापासून त्यांचं बोलणं आटलं होतं. शेत थोरल्या मुलाने सांभाळलं आणि धाकट्याने वडिलांना इकडे आणलं. नाना गॅलरीत माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसत आणि रस्त्याकडे पाहत राहत. चहा आला की घेत. जेवायला बोलावलं की उठत. बस्स.

पहिल्यांदा ते मोठ्याने बोलले ते मिठाच्या बादलीवरून.

"हे काय करती तू?" त्यांनी ताईंना विचारलं.

"पाण्यात मीठ घालतेय, नाना. माशांसाठी."

"आमच्याकडं रान खारवटलं की मानूस कपाळाला हात लावतो. आन तुम्ही मीठ इकत आणून पानी खारं करता? लय झालं बुवा!"

ताईंना हसू आलं, पण त्या हसल्या नाहीत. सासऱ्यांशी इतकं मोकळं बोलायची त्यांनाही सवय नव्हती. दोघंही चांगली माणसं, पण त्यांच्यात एक अंतर होतं. ते भांडणाचं नव्हतं, संकोचाचं होतं.

ते अंतर निळूने कमी केलं. नाना एकदा हॉलमध्ये मोठ्या टाकीपुढे उभे राहिले आणि निळू सरळ काचेपाशी आला. नाना डावीकडे सरकले, निळू डावीकडे सरकला. नाना उजवीकडे गेले, तोही गेला. "वळखतो का काय मला?" नाना म्हणाले. दुसऱ्या दिवशी गॅलरीतली खुर्ची हॉलमध्ये गेली. मला गॅलरीच्या दारातून सगळं दिसायचं. नाना निळूला देवळ्याच्या हवेबद्दल सांगत, डाळिंबाच्या बागेबद्दल सांगत. ज्या गोष्टी ते मुलाशीही बोलत नव्हते, त्या त्या माशाशी बोलत. ताई स्वयंपाकघरात काम थांबवून ऐकत उभ्या राहायच्या.

मित्रांनो, समुद्री मासे पाळणाऱ्यांचा एक नियम असतो. नवा मासा आणला की तो आधी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचा. त्याच्या अंगावर रोग असेल, तर तो तिथेच कळतो आणि बाकीचे वाचतात. ताईंना हा नियम माहीत होता. पण वेगळी टाकी म्हणजे मी, आणि मी तर कांद्याने भरलेली! त्यातून त्या दिवशी वेदिकाच्या मैत्रिणी घरी यायच्या होत्या. ताईंनी पिवळ्या रंगाचा एक नवा मासा आणला, पिशवी पाण्यात तरंगत ठेवली आणि त्याला थेट मोठ्या टाकीत सोडला. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

थोड्याच दिवसांत त्या पिवळ्या माशाच्या परांवर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागले. मग निळूच्या अंगावर दिसले. मग गाजर आणि केशरच्याही. निळू दगडाला अंग घासू लागला. त्याचे कल्ले भराभर हलत होते. पिवळा मासा एका सकाळी तळाशी आडवा पडलेला सापडला.

वेदिका रडू लागली. महेशदादा म्हणाले, "अगं, मासेच आहेत. नाही जगले तर आपण नवीन आणू."

नाना खुर्चीतून उठले आणि मुलाकडे बघून म्हणाले, "नवीन आनशील. हा कुठून आनशील?"

ताईंनी डोळे पुसले आणि त्या थेट गॅलरीत आल्या. त्यांनी माझ्यातला कांदा जमिनीवर ओतला, मला उचललं आणि न्हाणीत नेऊन गरम पाण्याने घासलं. साबण अजिबात लावला नाही, तो माशांना बाधतो. एकेका सांध्यातून माती निघत होती. खरं सांगते, घरावर संकट आलं होतं आणि तरीही मला आनंद झाला होता. माझी कुणाला तरी गरज होती!

मला ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. माझ्या पाण्याचा एक थेंबही मोठ्या टाकीत जायला नको होता, आणि तिच्या पाण्याचा थेंबही पुन्हा माझ्यात यायला नको होता. दुसरी खोली फक्त नानांची होती. ताई दारात घुटमळल्या.

"नाना, तुमच्या खोलीत ठेवू का? पंपाचा आवाज होईल जरा."

"ठेव की," नाना म्हणाले. "पन औषध काय देनार?"

"तांबं."

नानांचा चेहरा उतरला. "म्हंजे बागंवर फवारत्यात ते मोरचूद? पान्यात इख कालवती का काय?"

"तसलंच, पण माशांसाठी बनवलेलं. मापून द्यायचं."

"पोरी, मी डाळिंबावर जन्मभर फवारलंय. हात जड झाला की पालवी करपते. हा तर जीव हाय."

"म्हणूनच रोज मोजणार आहे, नाना. लॅबमध्ये रक्तातली साखर मोजते तसं."

नानांना ते पटलेलं नव्हतं, हे त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांवरून कळत होतं.

ताईंनी त्यांना आणि वेदिकाला खाटेवर बसवून सगळं समजावून सांगितलं. मीही ऐकत होते. हा रोग म्हणजे डोळ्यांना न दिसणारा एक किडा. तो माशाच्या कातडीत शिरून खातो, मग गळून तळाशी पडतो, टणक कवच करतो आणि त्या एकाचे शेकडो होतात. ते नवे किडे मासा शोधत पाण्यात पोहतात. कातडीत असताना तांबं त्याला मारू शकत नाही, कवचात असतानाही नाही. तो पोहायला निघाला की मगच मरतो. म्हणून तांबं पाण्यात कित्येक दिवस एकसारखं राहावं लागतं. कमी पडलं तर किडा वाचतो. जास्त झालं तर मासा जातो.

"मग मोठ्या टाकीतच का नाही टाकत?" वेदिकाने विचारलं.

"तिथे गोगलगाई आहेत, कोळंबी आहे, पोवळी आहेत. त्यांना तांबं अजिबात सोसत नाही. आणि दगड, वाळू तांबं शोषून घेतात, मग मोजणार काय? म्हणून रिकामी टाकी. आणि मोठ्या टाकीत मासाच उरला नाही की तिथले किडे उपाशी मरतील."

माझ्या भकासपणाचं कारण तुम्हाला आता कळलं असेल.

तिन्ही मासे माझ्यात आले. ताई निळसर औषध थेंबाथेंबाने टाकत. एकदम नाही, थोडं आज, थोडं उद्या. मग छोट्या काचेच्या नळीत माझं पाणी घेऊन त्यात दुसरे थेंब टाकत आणि उजेडात धरून रंग पाहत. नानाही चष्मा चढवून त्यांच्या खांद्यावरून पाहायचे. "चढलं का?" "थोडं कमी आहे." "मग घाई करू नको." दोघं रोज त्या नळीवर वाकायची.

पण नुसतं तांबं सांभाळून भागत नव्हतं. लहान जागेत माशांच्या घाणीने पाणी लवकर विषारी होतं. ताई कामावरून आल्या की पर्ससुद्धा न ठेवता आधी माझं पाणी तपासायच्या. काही पाणी काढायचं, तेवढंच नवं खारं पाणी घालायचं, आणि त्या नव्या पाण्यात तेवढंच तांबं. इतकं करूनही गाजर वाचला नाही. तो आला तेव्हाच फार दमलेला होता. केशर त्याच्या जागेभोवती घिरट्या घालत राहिली. वेदिकाने त्याला गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीशेजारी, मोकळ्या कुंडीत पुरलं.

निळू पाइपमध्ये जाऊन बसला. त्याने खाणं सोडलं.

ताई खचल्या. खाटेच्या कडेला बसून त्या नानांना म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं हे. घाई केली मी. आणि आता तुमचं ऐकायला हवं होतं की काय, तेच कळत नाही. औषधानेच खात नसेल तो."

मला वाटलं, नाना आता म्हणतील, मी सांगितलं होतं. ते तसं म्हणाले नाहीत.

"मला टीबी झालता," ते म्हणाले. "महेशचा जन्म बी नव्हता तव्हा. गावात लय भ्यायचे टीबीला. मला मळ्यातल्या खोलीत ठेवलं. सुया, गोळ्या. गोळ्यांनी अन्नाची शिसारी यायची. वाटायचं, मरू दे. महेशची आई भाकर घेऊन यायची. बाकीचे ठिवून निघून जायचे. ती उंबऱ्याभायेर बसायची. मी खाईस्तोवर बोलत राहायची. कोन मेलं, कोनाचं लगीन ठरलं, कांद्याचं रोप कसं हाय. म्हंतात गोळ्यांनी बरा झालो. पन ती बसायची म्हनून मी गोळ्या गिळल्या."

इतक्या वर्षांत हे ताईंना कोणी सांगितलं नव्हतं.

"तू तुझं औषध दे," नाना म्हणाले. "बसायचं काम माझं."

आणि नाना बसले. वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा कागदासारखा पातळ तुकडा, म्हणजे निळूचा खाऊ, चिमटीत धरून ते हात पाण्यात सोडून बसत आणि बोलत राहत. निळू पाइपमधून फक्त डोळा दाखवायचा. तुकडा विरघळायला लागला की नाना हात धुऊन दुसरा घ्यायचे.

मग एका दुपारी वीज गेली. ताई कामावर, दादा कारखान्यात, वेदिका शाळेत. माझा पंप थांबला. बुडबुडे थांबले. मित्रांनो, मासे पाण्यातली हवा श्वासात घेतात. पाणी हललं नाही तर हवा संपते, आणि आजारी कल्ल्यांना ती आधीच पुरत नसते. केशर वर येऊन तोंड उघडू लागली. मागोमाग निळूही पाइपमधून बाहेर आला. पण तो बरा वाटून आला नव्हता. तो गुदमरत होता.

नानांनी ताईंना फोन लावला. स्पीकरवर ताईंचा आवाज आला, "बॅटरीचा पंप आहे ना कपाटात, तो लावा."

"लावला. चालत नाय. सेल गेलेत त्याचे."

"मग टाकीतलंच पाणी भांड्याने काढा आणि थोडं वरून परत टाकीतच सोडा. हळूहळू, थांबू नका. मी रजा मागून निघतेच आहे."

नानांनी उशाजवळचं पाणी प्यायचं भांडं उचललं.

"आणि नाना, तुमचा तांब्या घेऊ नका! तांब्याचाच आहे तो, पाण्यातलं तांबं वाढेल. स्टीलचं घ्या."

नानांनी तो निखारा असल्यासारखा खाली ठेवला, स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला आणला, आणि सुरुवात केली. पेला भरायचा, हातभर वर न्यायचा, धार सोडायची. पुन्हा भरायचा. अर्धं पाणी सांडू नये म्हणून ते दुसऱ्या हाताने मनगट धरायचे. धारेबरोबर माझ्यात बारीक बुडबुडे उतरत होते. नाना दमले की खाटेला टेकत, पण हात थांबवत नसत. "आमी मोटेनं पानी काढलंय," ते निळूला म्हणत होते. "हे तर पेल्यानं हाय. तू फक्त दम धर. येती ती. येतीच बघ."

मला हात असते तर मी त्यांच्या हाताखाली आधार दिला असता. त्यांनी घातलेला प्रत्येक थेंब सांभाळून ठेवणं, एवढंच मी करू शकत होते.

ताई धापा टाकत आल्या तेव्हा नानांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. त्यांनी नानांच्या हातातून पेला घेतला. "बसा आता तुम्ही."

"जिता हाय का?" नानांनी विचारलं. घामाने त्यांचा चष्मा धूसर झाला होता, त्यांना दिसत नव्हतं.

ताई वाकल्या. "आहे, नाना. दोघंही आहेत."

वीज आली. स्पंजातून बुडबुडे सुटले आणि मी पुन्हा गुरगुरू लागले. ताईंनी नानांचे हात साबणाने धुऊन दिले, टॉवेलने एकेक बोट पुसलं. मग नानांनी सवयीने शेवाळाचा तुकडा घेतला आणि पाण्यात धरला. निळू पाइपच्या तोंडाशी थांबला. पुढे आला. मागे गेला. आणि पुन्हा येऊन त्याने तुकड्याचा कोपरा तोडला.

"दीपमाला!" नाना एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या तेजस्विनीताई धावत आल्या. "खाल्लं! अगं, खाल्लं त्यानं!"

त्यानंतर ठिपके हळूहळू गेले. ताईंनी घाई केली नाही. ठिपके गेल्यावरही औषध ठरलेले दिवस चालू ठेवलं, मग पाणी बदलत आणि कोळशाच्या पिशवीतून गाळत तांबं उतरवलं. मोठी टाकी तोपर्यंत माशांविना होती. तिथले किडे संपले असतील, याची खात्री झाल्यावरच निळू आणि केशर घरी गेले. निळूच्या परावर एक खाच मात्र कायमची राहिली.

मला वाटलं, आता पुन्हा गॅलरी आणि कांदे. ताईंनी मला रिकामं करून उचललंही होतं. पण नाना म्हणाले, "राहू दे तिला हितंच. उद्या कोनी नवीन आलं तर?"

तेव्हापासून मी इथेच आहे. या घरात येणारा प्रत्येक नवा मासा आधी माझ्याकडे मुक्काम करतो, मगच हॉलमध्ये जातो. माझ्यात आता कधीही कोळंबी किंवा गोगलगाय ठेवणार नाहीत, कारण माझ्या सांध्यांत तांब्याचा अंश राहिला असेल. ताईंनी माझ्या काचेवर तशी चिठ्ठीही चिकटवली आहे. मला त्याचं दुःख नाही. प्रत्येकाने सगळ्यांच्या उपयोगी पडायलाच हवं असं थोडंच आहे?

मित्रांनो, तुम्ही मासे पाळाल तर एवढं माझं ऐका. नवा पाहुणा कितीही सुंदर असला तरी त्याला थोडे दिवस वेगळं ठेवा. औषध मोठ्या माणसांच्या हातून आणि मापूनच द्या. घरातली जुनी टाकी फेकू नका, धुऊन पुसून हाताशी ठेवा. आणि ज्याला वेगळं ठेवावं लागलं, मग तो मासा असो की माणूस, त्याला आपण नकोसे झालो आहोत असं वाटू देऊ नका.

आता थांबते. आज सकाळी ताईंनी एक छोटा मासा आणला आहे, जांभळा आणि पिवळा. तो पाइपमध्ये लपून बसला आहे. नाना आपलं जेवणाचं ताट घेऊन खोलीत आले आहेत आणि त्याला विचारत आहेत, "तुझं गाव कोनचं रं?"